मामलेदाराची शिंक

मामलेदारानं शिंक दिली आणि आमच्या कॉलनीची सगळी दारं खटाखटा लागली.

एकदाच शिंकला हो. माझ्या ओट्याच्या कठड्यावर बसून, पुढचे पाय नीट जुळवून, सही करण्याआधी साहेब घसा साफ करतात तसा. पण ते कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. माणूस शिंकला तर सख्खी बायको पदर नाकाला लावून दुसऱ्या खोलीत जायची. इथं तर बोका शिंकला होता.

"साळवीभाऊ, हात लावू नका त्याला!" समोरच्या फाटकातून खेडेकर ओरडला.

"मी कुठं लावतोय? तो नुसता बघतोय माझ्याकडं."

"बघूही देऊ नका!"

नंदकुमार खेडेकर आमच्या कॉलनीचा अध्यक्ष. दापोलीहून हर्णैला जाताना डाव्या हाताला बारा-पंधरा घरं लागतात, तेवढंच त्याचं राज्य. साथ येईपर्यंत त्याला कुणी विचारत नव्हतं. साथ आली आणि गड्याच्या गळ्यात शिट्टी आली. कोण बाहेर पडलं, कुणाचा मास्क हनुवटीवर आला, की वाजलीच. आणि नाक तर असं, की दर उन्हाळ्यात मी बोंबील वाळत घातले की ते सुकायच्या आधी ह्याची तक्रार यायची.

बोका शिर्केबाईंचा. तांबूस रंग, एक कान फाटलेला, चाल अशी की वाटावं दौऱ्यावर निघालाय. रोज सकाळी प्रत्येक घराची पाहणी करायचा, कुठं वाटीभर दूध, कुठं भाकरीचा तुकडा, असा वसूल गोळा करत फिरायचा, म्हणून त्याचं नाव मामलेदार. नाव मीच ठेवलेलं. बाईंनी आधी मोती ठेवलं होतं, पण त्या नावाला तो कधी वळून बघायचा नाही. मामलेदार म्हटलं की लगेच कान टवकारायचा. ह्यावर तुमचा विश्वास नसेल तर नसू दे. उभ्या कॉलनीचा माझ्या कुठल्याच गोष्टीवर नव्हता. जूनच्या वादळात माझ्या न्हाणीघराचा पत्रा उडाला तो थेट मंडणगडच्या एसटी स्टँडवर उतरला आणि तिथल्या कंट्रोलरनं त्याची वेळ लिहून घेतली, हे मी शपथेवर सांगितलं, तरी लोक हसले.

तर खेडेकर रस्ता ओलांडून माझ्या गटारीपाशी येऊन उभा राहिला. गटारीच्या लादीखाली घूस मरून पडली होती. मी रुमालात कापूर बांधून तो नाकाला धरला होता. खेडेकर मास्क हनुवटीवर ओढून, छाती भरून श्वास घेत बोलायला लागला.

"गिरणीवाल्या सुर्वेला कोविड सेंटरला नेला. काल दळवीला नेला. दोघांनाही आरोग्यवाल्या ताईंनी विचारलं, कुणाला भेटलात? दोघांनीही काय सांगितलं ठाऊक आहे?"

"काय?"

"'कुणाला नाही. घरात फक्त मांजर आलं होतं.' सुर्वेही तेच, दळवीही तेच. शब्दाला शब्द."

"शब्दाला शब्द?"

"म्हणजे खरंच असणार ना!"

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. दोन प्रवाशांनी शब्दाला शब्द एकच कारण सांगितलं, की तिकीट एकाचंही नसतं.

"रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या फाटकात उभं राहायचं," खेडेकर म्हणाला. "ठराव करू. भाजीचा टेम्पो परत जाताना बोक्याला घेऊन जाईल. घाटात सोडेल. आठवड्यावर गणपती आलेत. कॉलनीला पत्रे ठोकून सील केलं तर मखर कुठं मांडणार?"

"आणि शिर्केबाई?"

"बाईंना दुसरं मांजर आणून देऊ."

तो गेला. घुशीचा वास तसाच राहिला.

* * *

शिर्केबाईंनी निम्म्या कॉलनीला पाढे शिकवले. खेडेकर, सुर्वे, दळवी तिघेही त्यांच्याच हाताखालचे. मुलगा दुबईत, तिकडंच अडकलेला. वादळात घराची कौलं उडत होती तेव्हा बाई लाकडी टेबलाखाली बसून होत्या, आणि मांडीवर मामलेदार. वारा थांबल्यावर मी दार फोडून आत गेलो तर म्हणाल्या, "साळवी, हळू बोला. आत्ता कुठं झोपलाय."

म्हणून ठरावाची बातमी द्यायला निघालो तेव्हा मी अर्ध्या वाटेवरून दोनदा परत फिरलो आणि मग त्यांच्या कुंपणाशी गेलो. मी अलीकडं, त्या पलीकडं, मध्ये जास्वंद.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हीसुद्धा हात वर करणार?"

"बाई, माझा हात वर केलेला कुणी मोजत नाही. साळवी म्हणजे थापा."

"तो आजारी आहे हो. डोळ्यातून पाणी येतंय, कालपासून अंग कोमट लागतंय. घाटात एक रात्र नाही काढायचा." "मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, माणसाकडून मांजराला होतो हा आजार, तशी उदाहरणं आहेत. मांजराकडून माणसाला झाल्याचं काही फारसं दिसलेलं नाही. आजारी माणसांच्या जवळ त्याला जाऊ देऊ नका, आणि तुम्ही मास्क लावून त्याचं करा."

"म्हणजे सुर्वेला ह्यानं नाही दिला?"

"ह्याला कुणी दिला ते विचारा. माझ्या घरात तर कुणी आजारी नाही."

मामलेदार खिडकीत बसला होता. समोर दुधाची वाटी, भरलेली.

"दूध पीत नाही?"

"आजारी पडायच्या आधीपासून नाही. नारळी पौर्णिमा झाली तेव्हापासून. दुपारचा जायचा, तिन्हीसांजेला पोट टम्म फुगवून यायचा. आणि..." बाईंनी इकडं तिकडं बघितलं. "साळवी, हसू नका. मिशांना वास यायचा त्याच्या."

"कसला?"

"तळलेल्या सुरमईचा."

मी जास्वंदीतून जवळजवळ पलीकडं गेलो. "श्रावणात?"

"श्रावणात!"

तुम्हाला परगावच्या माणसांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं मासळी म्हणजे जीव. पण पावसाळ्यात दोन महिने होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्या सुटतात, ताजं म्हावरं येतं, आणि नेमका तेव्हा श्रावण अर्धा शिल्लक असतो. सगळ्या घरांतून चुलीवर वरणभात. हर्णैची सुरमई कोळणीच्या डोक्यावरून पुढं निघून जाते आणि आपण घेवडा सोलत बसतो. त्यातून त्या वर्षी लॉकडाऊन. मार्चपासून जिभेला धड काही लागलेलं नव्हतं. तरी आमच्या कॉलनीत श्रावण मोडणारा माणूस शोधून सापडला नसता. निदान मला तसं वाटायचं.

"बाई," मी म्हटलं, "गेल्या पंधरवड्यात तुम्हाला शिंका आल्या?"

"सगळ्यांनाच आल्या. त्या सुर्व्याच्या गिरणीत दुपारचं मिरची कांडप चालायचं ना. सगळीकडं खकाणा."

"श्रावणात मिरची कांडायला कोण देतं?"

मिरची कांडायची ती चैत्र-वैशाखात, कडक उन्हात वाळवून. ह्या दिवसांत ती बोटाला चिकटते, कांडपाखाली तिचा लगदा होतो. पण तिच्या खकाण्यात दुसरा कुठलाही वास लपतो, हे मात्र खरं.

"तुम्हाला काय म्हणायचंय, साळवी?"

"मला काहीच म्हणायचं नाही. मी म्हटलं तर ती थाप होते. रविवारी तुम्ही फक्त त्याला घेऊन या."

"त्या नंद्याच्या हातात देऊ?"

"त्याच्या हातात नको. डालग्याखाली ठेवू."

* * *

रविवारी पावसानं उघडीप दिली होती. सगळे आपापल्या फाटकात, तोंडाला मास्क. एरवी एकमेकांच्या पानातलं खाणारी माणसं, पण त्या दिवशी जो तो शेजाऱ्याच्या खोकल्याकडं कान देऊन उभा. रस्त्याच्या मधोमध माझं कोंबड्यांचं डालगं, त्यावर दगड, आणि आत मामलेदार. अध्यक्षांना उभ्यानं बोलायला नको म्हणून खुर्ची मी आणून दिली. कुठं मांडायची तेही मीच ठरवलं, डालग्याला पाठ लावून, अगदी जवळ. खेडेकर पांढरा स्वच्छ लेंगा घालून आला होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो," त्यानं सुरुवात केली.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं.

"झालं!" कुणीतरी म्हणालं. "साळवीभाऊंचा पत्रा आला मंडणगडहून."

"पत्रा नाही, मांजर. दापोली-बोरिवली गाडीला एक काळी मांजरी असायची. रोज स्टँडवरून चढायची, आणि ज्याचं तिकीट नाही त्याच्या सीटखाली जाऊन बसायची. मला तिकीट तपासायची गरजच पडायची नाही. पुढं पुढं तर चेकर लोक तिला उसनी मागून न्यायला लागले."

लोक हसले. शिर्केबाई हसल्या नाहीत. त्या फाटक सोडून डालग्यापासून चार हातांवर उभ्या होत्या, पदर मुठीत.

"सांगायचं काय, की मांजराला सगळं ठाऊक असतं," मी म्हटलं. "आपलं दुखणं आपल्याला कुठं लागलं तेसुद्धा. आजारी मांजर मोकळं सोडलं की ते आधी तिथंच जातं. तेव्हा टेम्पोत घालायच्या आधी एकदा सोडून बघू. कुणाच्या दारात जातो बघू."

ही शुद्ध थाप होती. पण कॉलनीतली दोन-तीन माणसं आपल्या दाराकडं वळून बघायला लागली. कुणाला काय आठवलं, देव जाणे.

खेडेकर ताडकन उठून डालग्यापुढं आडवा झाला, "काही सोडायचं नाही! रोगी जनावर मोकळं सोडायचं म्हणजे काय? अध्यक्ष म्हणून मी परवानगी देत नाही!"

"एवढं घाबरायला काय झालं?" शिर्केबाईंनी विचारलं.

"मी घाबरत नाही, बाई. मी जबाबदारी..."

"नंद्या, बोलताना मान वर."

खेडेकराची मान आपोआप वर झाली. मग त्याला अध्यक्षपद आठवलं असावं, कारण तो जास्तच जोरात बोलायला लागला. स्वच्छता कशी राखावी, शिस्त काय असते, एका मांजरापायी सगळ्यांचा गणपती कसा पाण्यात जाईल. टेम्पोवाला वळणावर येऊन हॉर्न वाजवत होता. बाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. कुणी नजर देत नव्हतं. हात वर होणार, हे दिसत होतं.

तेवढ्यात डालग्याच्या फटीतून शेपटी बाहेर आली. ताठ झाली. टोकाला जरा थरथरली.

ज्यानं बोका पाळलाय त्याला पुढचं सांगायला नको. चिळकांडी सरळ खेडेकराच्या पांढऱ्या लेंग्यावर, कंबरेपासून खाली.

बोक्याच्या मुताचा वास म्हणजे काय असतो! मास्कातून आला, रुमालातून आला. पहिल्या घरातल्या म्हातारीनं फाटक सोडलं आणि आत धावली. कुणी नाक दाबलं, कुणी पाठ फिरवली. टेम्पोवाल्यानं काच वर केली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी घुशीला सरावलेला माणूस.

खेडेकर बोलण्याच्या भरात होता, लेंगा ओला झाल्याचंही त्याला कळलं नाही. "...तेव्हा स्वच्छ हवा ही आपल्या कॉलनीची ओळख आहे, आणि ती ओळख..."

सगळ्यांची बोटं नाकावर, आणि सगळ्यांचे डोळे खेडेकरावर. त्याचं नाक तेवढं उघडं, मास्क नेहमीसारखा हनुवटीवर.

"अहो!" त्याच्या ओट्यावरून रोहिणीवहिनींची हाक आली. रोहिणीवहिनी म्हणजे त्याची बायको, आणि हळू बोलणं त्या माउलीला माहीतच नाही. "अहो, वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला?"

ह्या 'कसला'नंतर रस्त्यावर जी शांतता पडली, तशी मी वादळ यायच्या आधीही ऐकली नव्हती. वास जाणं म्हणजे काय, हे तेव्हा टीव्ही बघणाऱ्या पोरासोरांनाही पाठ होतं. शेजारच्या फाटकातली माणसं दोन पावलं मागं गेली.

"तरीच!" वहिनी म्हणाल्या. "परवा दूध करपून घरभर धूर झाला, आणि हे शेजारी बसून म्हणतात, चहा छान झालाय!"

खेडेकरानं लेंग्याकडं बघितलं, तो चाचपून ओला झालेला हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग तो डालग्याकडं वळून ओरडला, "ह्यानंच! बघा, ह्यानंच दिला मला! आमच्या घरातही येत होता हा!"

"आपल्या घरात?" वहिनी पायरी उतरून आल्या. "आपल्या घरात पोपट आहे! पोपट आणल्यापासून मी ह्या बोक्याला उंबरा ओलांडू दिला नाही. मग तुम्हाला हा भेटला कुठं?"

खेडेकर लेंगा झटकायला लागला.

"नंद्या," शिर्केबाई म्हणाल्या, "त्या काय विचारतायत?"

मी डालग्यावरचा दगड काढला. ह्या वेळी परवानगी कुणी मागितली नाही आणि कुणी नाकारलीही नाही.

मामलेदार बाहेर आला. आजारानं खंगला होता, पण चाल तीच. बाईंच्या पायाशी एक क्षण थांबला, मग शेपटी वर करून रस्त्याच्या कडेकडेनं निघाला. आपापल्या दारापुढून तो गेला की माणसं सुटकेचा श्वास टाकत होती. सुर्व्याच्या गिरणीपाशी तो वळला, मागच्या अंगाला गेला, आणि बंद दारावर पंजा मारून ओरडायला लागला. भुकेल्या माणसानं खाणावळीत हाक मारावी तसं.

सुर्व्याची बायको शालन घरात कोंडलेली होती. तिनं खिडकीतून सगळं बघितलं होतं. "थांबा!" ती म्हणाली. गिरणीची किल्ली तिनं सॅनिटायझरमध्ये बुडवून माझ्याकडं फेकली. "उघडा, साळवीभाऊ. मलाही बघायचंय. दिवसभर मिरच्या कांडून दमतात म्हणून मी रोज रात्री पाय चेपत होते त्यांचे!"

मी बाईंना मागं धरायला सांगितलं मामलेदाराला, आणि दार उघडलं. आत मी गेलो नाही. उंबऱ्यावरूनच दिसत होतं. कांडपाच्या शेजारी स्टोव्ह, त्यावर तवा. कोपऱ्यात ओल्या मिरच्यांचा सडका ढीग. सतरंजीवर जेवून तसंच टाकलेलं, सुर्व्याला अचानक न्यावं लागलं त्या दिवसाचं. ताटांत सुरमईचे काटे.

"कोणाकोणाची ताटं आहेत?" रोहिणीवहिनींनी लांबूनच विचारलं. "सगळी सांगा, भाऊ. मी ऐकायला घट्ट आहे."

"तीन मोठी आहेत, वहिनी."

"म्हणजे सुर्वे, दळवी आणि आमचे हे." त्या वळल्या. "आजार लपवलात, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण श्रावणी सोमवारी? मी बेलाचं पान वाहत असताना?"

"सोमवारी नाही गं," खेडेकर पुटपुटला. "सोमवारी फक्त कोळंबी."

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, पण माझी नजर आत अडकली होती.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "चौथं. छोटं."

मग कॉलनीतले पुरुष एकमेकांकडं असे बघायला लागले, की विचारू नका. चौथा कोण? बायका आपापल्या नवऱ्याच्या तोंडाजवळ जाऊन हुंगायला लागल्या, अंतर बिंतर सगळं विसरून. एक-दोघं माझ्याकडंही बघत होते. मी कधी नव्हे तो खरं बोलत होतो आणि घाम मलाच फुटला.

शिर्केबाई पुढं आल्या. बोका पदरात गुंडाळून छातीशी धरलेला. त्यांनी उंबऱ्यावरून त्या ताटलीकडं बघितलं. ॲल्युमिनियमची पसरट ताटली, भिंतीशी, जमिनीवर. आत काटे नव्हतेच. उष्टी डोकी आणि चघळून टाकलेली शेपटं.

"हे ह्याचं आहे," बाई म्हणाल्या.

खेडेकर खाली बघत बोलला, "वासानं आला होता, बाई. दारात उभा राहून ओरडायचा. कुणाला कळेल म्हणून... आमच्या पानातलं थोडं थोडं घालत होतो. रोज."

"तोंड बंद ठेवायला."

"हो."

"आणि ठेवलं त्यानं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पानातलं खाल्लं, तुमच्या मांडीवर बसला असेल, तुमचं दुखणं घेऊन घरी आला. ते आरोग्यवाल्या ताईंना तुम्ही सांगितलं नाहीत. त्याचं नाव सांगितलंत."

खेडेकराची मान ह्या वेळी वर झाली नाही. टेम्पो भाजीच्या रिकाम्या क्रेट घेऊन निघून गेला.

* * *

त्याच दुपारी खेडेकराला तपासायला नेलं, आणि तो तिकडंच राहिला. मामलेदाराची तपासणी मात्र कुणी केली नाही. त्याच्या नाकात काडी घालील असा माणूस अजून जन्मायचा आहे. डॉक्टरीणबाई फोनवरून सांगत, बाई मास्क लावून करत. वेगळी खोली, कोमट पाणी, चमच्यानं पेज. चार-पाच दिवस त्यानं डोळाच उघडला नाही. बाईंच्या खिडकीतला दिवा दिवसाही जळत असायचा. मी कुंपणाशी जाऊन बसायचो आणि पलीकडं ऐकू जातील अशा गोष्टी सांगायचो. माझ्या गोष्टींनी बरं वाटून तो उठला, असं मी सांगतो. बाई म्हणतात, त्या बंद व्हाव्यात म्हणून उठला. बाईंची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही.

सुर्वे आला, दळवी आला. गौरी आल्या त्या दिवशी खेडेकर परत आला. शिट्टी गळ्यात नव्हती. फाटकात रोहिणीवहिनी उभ्या, हातात गाठ मारलेली पिशवी.

"वास परत आला का?" त्यांनी विचारलं.

"आला ना! कधीच आला!"

"तो लेंगा मी धुतला नाही. ह्याचसाठी ठेवला होता." त्यांनी गाठ सोडून पिशवी लांबवरून त्याच्या नाकापुढं धरली. "बघा."

खेडेकरानं डोळे मिटून नाक घातलं आणि लगेच तोंड फिरवलं. "शी, शी! काय ही घाण! मळमळायला लागलं मला!"

वहिनींनी शांतपणे पिशवीत हात घातला. ओंजळभर सोनचाफा बाहेर काढला.

"गौरीसाठी तोडलाय," त्या म्हणाल्या. "तुमचं अंथरूण पडवीत घातलंय."

आणि कुंपणावर, उन्हाला पाठ देऊन, मामलेदार बसला होता. वाळून निम्मा झालेला, पण कान टवकारलेले. त्यानं खेडेकराकडं नीट बघितलं. मग सावकाश वळला आणि शेपटी ताठ केली.

ह्या वेळी मात्र खेडेकर वास न येताच पळाला.